झाकण

एकेचाळीस आहेत.
द्वारका म्हणते बेचाळीस. ती मलाही मोजते.

सत्तावीस वर्षं दूध शीतकरण केंद्रावर
दुसऱ्याच्या दुधातली फॅट तपासली.
चार पॉइंट दोन. तीन पॉइंट आठ. सरका पुढं.
लोणी कधी दिसलं नाही,
दिसायचा तो त्याचा आकडा, काचेच्या नळीत.
मग रिटायर झालो
आणि साहेबलोकांची लोण्याची भांडी जमवायला लागलो.
रिकामी.

पहिलं शहागंजला, रईसभाईच्या भंगारात.
"साबणदानी है साहब, ले जाओ."
साबणदाणीच्या झाकणावर गाय बसलेली असते होय?
पाय पोटाशी घेऊन, एक शिंग गेलेलं,
रवंथ अर्धवट.
साठ रुपये.

दुसरं दुहेरी भिंतीचं.
भिंतींच्या मधे गार पाणी ओतायचं, लोणी थिजून राहावं म्हणून.
आमच्या अंबाजोगाईत पलटण होती तेव्हाचं असेल.
मे महिन्यात ते पाणी कुणी आणलं असेल, कुठल्या बारवेतून,
आणि आणणारणीच्या भाकरीवर त्या दिवशी काय होतं,
हे भांड्याच्या बुडाला लिहिलेलं नसतं.
बुडाला असतो एक मुकुट, एक नंबर
आणि मला म्हणता न येणारं गाव.

साडू म्हणाला, मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाता तुम्ही.
म्हटलं, टाळू दाखवतो, या.
लोणी तुम्ही शोधा.

चीजची भांडी उंच असतात, पिराच्या घुमटासारखी.
चीज मी एकदाच खाल्लं, पुतण्याच्या लग्नात,
साबणासारखं लागलं. रईसभाई अगदीच चुकला नव्हता.
"झालं पेन्शनीचं चीज," द्वारका म्हणते
नवीन पुडकं सोडताना, दरवेळी.

टँकर आठव्या दिवशी येतो.
अर्ध्या बादलीत एकेचाळीस धुतो,
ते पाणी मग गवती चहाला.

एक बशी मात्र अकरा वर्षं उघडी होती.
निळी, काठाला पांढरी वेल, खाली नंबर सदतीस.
झाकण नाही.
तिच्यावर मी स्टीलचं झाकून बघितलं, परातीचं, शेवटी नुसता रुमाल.

जालन्याला छावणीतल्या चर्चमध्ये आहे असं कळलं.
बशी धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली,
बीडपर्यंत उभ्या बाईनं विचारलं, बाळ आहे का?

एस्तेरबाई साळवे, मिशन दवाखान्याच्या जुन्या सिस्टर,
चष्म्याला दोरी.
"माशा फार हो," म्हणाल्या,
आणि टेबलावरचा निळा घुमट उचलला.
खाली प्रभुभोजनाची भाकर.
पहिल्या रविवारी तुकडे करून वाटतात.
घुमटाला मधोमध तडा, पितळेच्या पाच टाक्यांनी शिवलेला.
"साहेब गेले तेव्हा हे स्वयंपाक्याकडं राहिलं.
स्वयंपाकी म्हणजे माझे आजोबा."
आत, बोटानं चाचपला तर, सदतीस.

पाकिटात साडेचार हजार होते.
मी ते दोनदा चाचपले.

बसवलं तर बसेना, डगडग करायला लागलं.
एस्तेरबाईंनी दोन्ही हातांनी धरून जरासं फिरवलं,
बाळाचं डोकं फिरवतात तसं,
आणि टक् झालं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
भाकर आत होती.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, मारतच होतं.

रात्री उशिरा परत आलो. कपाटात तिसऱ्या फळीवर
धुळीत एक स्वच्छ गोल.
"विकली?"
"नाही."
"मग?"
"झाकली."
द्वारकेनं माझ्याकडं बघितलं,
फडकं घेतलं, धूळ पुसली,
गोलाच्या कडेकडेनं.